सांगाडा चिरंजीव, सुटे भाग अल्पायुषी

पैसे मोजून घेतलेली वस्तू किती वर्षे टिकावी, हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा? ती बनवणाऱ्याचा, वापरणाऱ्याचा, की या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाजाराचा? एके काळी हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. शिलाईयंत्र असो, भिंतीवरचे घड्याळ असो वा दाराशी उभी असलेली सायकल असो, ती वस्तू झिजेपर्यंत चाले आणि झिजलेला भाग बदलला की पुन्हा चालू लागे. आज खिशातला फोन चार-पाच वर्षांत निकामी ठरतो, तेव्हा तंत्रज्ञान पुढे गेले असे सांगून ग्राहकाची समजूत घातली जाते. फोनच्या बाबतीत त्या समजुतीत काही तथ्य असेलही. परंतु ज्या वस्तूचा मुख्य भाग गंजत नाही, सहसा मोडत नाही आणि जिचे काम तीस वर्षांपूर्वी होते तेच आजही आहे, तिच्याही वाट्याला हीच गत येत असेल तर? डोंगरवाटांवर चालवण्यासाठी टायटॅनियम आणि कार्बन यांपासून बनवलेली उंची सायकल हे अशा वस्तूचे चोख उदाहरण आहे. अशा जुन्या सायकलीचा सांगाडा मिळवून त्यावर नव्याने सायकल उभी करू पाहणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्या केवळ एका छंदाच्या अडचणी नव्हेत.

आधी या वस्तूचे मोल काय, ते पाहिले पाहिजे. १९९०च्या आसपास अमेरिकेतील काही छोट्या कारखान्यांनी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील मर्लिन, टेनेसीतील लाइटस्पीड, कोलोराडोतील मूट्स यांनी, टायटॅनियमचे सांगाडे बनवण्यात नाव कमावले. हा धातू सायकलीकडे आला तो विमानविद्येच्या वाटेने. तीन टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम घातलेल्या ज्या मिश्रधातूच्या नळ्या सायकलीला वापरतात, तो मुळात विमानांतील तेलदाबाच्या नळ्यांसाठी नावाजला. आकारमान सारखे धरले तर टायटॅनियमचे वजन पोलादाच्या निम्म्याहून किंचित अधिक भरते. त्याचा ताठपणाही पोलादाच्या जवळजवळ निम्मा असतो; म्हणून नळ्या जाड व्यासाच्या घ्याव्या लागतात. तापलेल्या अवस्थेत हा धातू हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ बनतो. त्यामुळे सांधा जोडताना नळीच्या बाहेरून आणि आतूनही आर्गॉन वायूचे आवरण द्यावे लागते. हे काम सावकाशीचे, स्वच्छतेचे आणि हाताच्या कसबाचे. किंमत वाढते ती इथे. पण एकदा जुळलेला असा सांगाडा पाऊस, चिखल, घाम, खारे वारे यांपैकी कशालाही दाद देत नाही. त्याला रंगसुद्धा लागत नाही.

कार्बनची जोड याच सुमारास मिळाली. स्पेशलाइज्ड कंपनीने टायटॅनियमचे सांधे आणि त्यांत चिकटवलेल्या कार्बन तंतूंच्या नळ्या असा सांगाडा त्या काळात काढला. या जोडीमागे एक रासायनिक शहाणपण होते. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की विद्युत्‌रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम कुरतडले जाते आणि चिकटवलेला सांधा सैल होतो. टायटॅनियमला ही बाधा जवळजवळ होत नाही. पुढे २०००नंतरच्या दशकात अ‍ॅरिझोनातील टायटस या कंपनीने टायटॅनियमच्या नळीला जाळीसारखे कापून आतून कार्बनचे अस्तर देण्याची पद्धत अवलंबिली. कारागिरीच्या दृष्टीने हे सांगाडे म्हणजे सायकल या यंत्राने गाठलेली एक उंचीच होती.

टायटॅनियमच्या पुष्कळ सांगाड्यांना आयुष्यभराची हमी असे. मात्र ही हमी बहुधा मूळ खरेदीदारापुरती असते, आणि ‘आयुष्य’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न उरतोच. मर्लिनची मालकी बदलली, काम मॅसॅच्युसेट्समधून टेनेसीत गेले. टायटस २०१०मध्ये बंद पडली आणि तिचे नाव एका ब्रिटिश कंपनीने घेतले. सांगाडे मात्र आहेत तिथेच आहेत आणि चालवण्याजोगे आहेत. हमी देणारा आधी गेला, हमी दिलेली वस्तू मागे राहिली, असा हा उलटा प्रकार आहे. तरीही खरी अडचण हमीची नाही. सांगाड्याला भंग नाही. भंगतात, झिजतात ते सुटे भाग, आणि नेमके तेच मिळेनासे झाले आहेत.

हे कसे झाले, ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण दोष कोणाचा हे तपशिलातच कळते. १९९०च्या दशकातील डोंगरी सायकलीचे चाक २६ इंची होते. आंतरराष्ट्रीय मोजणीप्रमाणे त्याच्या रिमवर टायर बसण्याच्या जागेचा व्यास ५५९ मिलिमीटर. पुढे २९ इंची आणि त्यामागोमाग साडेसत्तावीस इंची चाके आली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या डोंगरी शर्यतीत चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मिळवले, तर स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर साडेसत्तावीस इंची चाकांवर अवघ्या एका सेकंदाने मागे राहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बड्या कंपन्यांच्या महागड्या मालातून २६ इंची चाक हद्दपार झाले. गंमत अशी की, ही ‘नवी’ मापे नवी नाहीतच. २९ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकाचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे शर्यतीच्या सडकी सायकलींचे जुनेच माप. आणि साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४ मिलिमीटर, फ्रान्समधल्या प्रवासी सायकलींचे पूर्वापार माप. आपल्याकडे दूधवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांनी वापरलेल्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक ६३५ मिलिमीटरचे असते, आणि ते आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

चाकापुरतेच हे थांबले असते तर भागले असते. मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर होती. ती आधी १४२ झाली, २०१४मध्ये १४८ मिलिमीटरचे माप आले. हँडलखालची फोर्कची नळी सरळ सव्वा इंचाहून थोडी कमी व्यासाची होती. ती खाली जाड, वर बारीक अशी निमुळती झाली. मागच्या दंतचक्रांची संख्या आठवरून नऊ, दहा, अकरा आणि २०१६पासून बारा झाली आणि दर वेळी चेन, गिअरचा खटका, गिअर हलवणारे यंत्र अशी सगळी साखळी बदलली. दोन-पाच मिलिमीटरचा फरक ऐकणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण हब आणि सांगाडा यांच्या बाबतीत दोन मिलिमीटरचा फरक हा बसणे आणि न बसणे यांमधला फरक असतो.

कारखानदारांच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटलेच पाहिजे. मोठे चाक दगडा-मुळांवरून अधिक सहज जाते, हे खरे आहे. डिस्क ब्रेक ओल्या चिखलात रिमवरच्या ब्रेकहून भरवशाचे, यात वाद नाही. रुंद हबमुळे मोठ्या चाकाचे आरे अधिक पसरट कोनात लागतात आणि चाक मजबूत होते. आजच्या सायकलीचा पुढचा कोन अधिक तिरपा असल्याने तीव्र उतारावर स्वार पुढे कोलमडण्याची भीती कमी झाली आहे. हे सर्व बदल निव्वळ विक्रीसाठी झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. आक्षेप सुधारणेला नाही. नवे माप काढण्याची मोकळीक असलेल्या कारखानदाराला जुन्या मापाचा भाग पुरवण्याचे बंधन मुळीच नसावे, आणि पंधरा वर्षांत तीन-तीन मापे बदलताना आधीच्या ग्राहकाचे काय झाले याची विचारपूसही करावी लागू नये, याला आक्षेप आहे.

या उद्योगाच्या तोंडी तर ही बेफिकिरी शोभतच नाही. कारण डोंगरी सायकल जन्मली ती जुन्या सांगाड्यांतून. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यात, टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण भंगारातून श्विन कंपनीचे १९३० आणि १९४०च्या दशकांतले सांगाडे उचलून आणीत. शिकागोच्या या कंपनीने १९३३मध्ये फुगीर टायरांची सायकल काढली होती. २६ इंची चाक तिथून आले. मुलांनी वर्तमानपत्रे टाकण्यासाठी वापरून टाकून दिलेले ते जड सांगाडे. त्यांवर या तरुणांनी दुसऱ्या सायकलींचे गिअर, मोटारसायकलींच्या ब्रेकचे दांडे, मिळेल ते बसवले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका वणवामार्गावर त्यांची पहिली उताराची शर्यत झाली. दोन मैलांच्या आसपासच्या अंतरात सुमारे १,३०० फूट खाली आणणारी ही वाट. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे या अर्थाचा इंग्रजी शब्दच, ‘रिपॅक’, त्या शर्यतीचे नाव बनला. जो ब्रीझ याने १९७७मध्ये या कामासाठी खास सांगाडा घडवला. टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९पासून अशा सायकली विकायला सुरुवात केली. १९८१मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनवलेली सायकल बाजारात आली. चाळीस वर्षांपूर्वीचा टाकाऊ सांगाडा आणि कुठूनही आणलेले भाग एकमेकांना बसले, म्हणून हा खेळ आणि हा उद्योग उभा राहिला. श्विनच्या सांगाड्यालाही तेव्हा कोणी ‘कालबाह्य माप’ म्हणून बाजूला सारले असते तर?

आता जुन्या टायटॅनियम सांगाड्यावर प्रत्यक्ष सायकल उभी करणाऱ्यासमोर काय येते ते पाहू. काही गोष्टी अनपेक्षितपणे सोप्या निघतात. पॅडलच्या आसाचे बेअरिंग जिथे बसते त्या नळीतले आटे बी.एस.ए. मापाचे असतात. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या बंदुका बनवणाऱ्या इंग्रज कंपनीचे हे माप. तिचे नाव आपल्याकडेही सायकलींवर दिसत आले आहे. मधल्या काळात आटे काढून टाकून बेअरिंग ठोकून बसवण्याची टूम निघाली, करकरण्याच्या तक्रारी वाढल्या आणि कित्येक उत्पादक मुकाट्याने आट्यांकडे परतले. त्यामुळे आजचा नवा क्रँक जुन्या सांगाड्यात विनातक्रार बसतो. सीटखालच्या दांड्याचे २७.२ मिलिमीटर हे मापही टिकून आहे. मागच्या हबवरची दंतचक्रे बसवण्याची शिमानो कंपनीची खाचांची रचना १९८९ची. तिच्यावर आठपासून दहापर्यंतचे संच बसतातच, पण अकरा दात्यांपासून सुरू होणारे बारा चक्रांचे काही संचही बसतात. पुढे एकच दंतचक्र, मागे मोठ्या पल्ल्याचा संच अशी मांडणी केली तर तीस वर्षांपूर्वीची सायकल चढावर पूर्वीपेक्षा सरस चालते. जुने माप जपूनही सुधारणा करता येते, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता द्यावा?

अडते ते फोर्कपाशी आणि चाकांपाशी. त्या काळच्या धक्के झेलणाऱ्या फोर्कमधले रबरी ठोकळे काळाने विरघळून चिकट राळ होतात आणि आतले भाग आता बनत नाहीत. आजचा फोर्क बसवावा तर त्याची नळी निमुळती आणि पाय लांब. सांगाडा जितक्या लांबीच्या फोर्कसाठी आखलेला असतो त्यापेक्षा २० मिलिमीटर लांब फोर्क लावला की पुढचा कोन सुमारे एका अंशाने कलतो. फार लांब लावला तर हँडलच्या नळीवर नको तो ताण येतो. म्हणून जाणकार बरेचदा योग्य लांबीचा, न दबणारा कार्बनचा फोर्क निवडतात. डिस्कची सोय नसलेल्या सांगाड्याला ब्रेकसाठी सपाट कडा असलेली रिम लागते, आणि २६ इंचात तशी हलकी, चांगली रिम शोधता शोधता माणूस हैराण होतो.

कार्बनच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह आवरलाच पाहिजे. जुनी कार्बनची सुंदर हँडले अनेकांना खुणावतात. मूळ सायकलीवर होती तशीच हवीत, असा हट्ट असतो. परंतु टायटॅनियम आणि कार्बन यांचा स्वभाव एक नव्हे. धातू बहुधा वाकून वा तडा दाखवून सूचना देतो. कार्बनच्या थरांत आतल्या आत झालेली फूट बाहेरून दिसेलच असे नाही, आणि तुटण्याची वेळ आली की तो एकाएकी तुटतो. ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही, जे कधी कोणी प्रमाणाबाहेर आवळले असेल हे सांगता येत नाही, असे हँडल उतारावर हातांत धरणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. सांगाडा जुना, पण कार्बनचे हँडल आणि दांडा नवा, आणि तोही टॉर्क पाना वापरून, भागावर छापलेल्या मर्यादेत, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपासच, आवळलेला. टायटॅनियमच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा घालायचा तर मध्ये न चिकटू देणारे मलम लावलेच पाहिजे. ते न लावल्यामुळे आत कायमचा जाम झालेला दांडा कापून काढण्याची वेळ येते. सांगाडा अमर असला तरी तो चालवणाराचा हलगर्जीपणा सहन करतो असे नाही.

सगळे भाग मूळ वर्षाचेच जमवून सायकल भिंतीवर टांगणारा एक वर्ग आहे. त्याच्या चिकाटीला दाद द्यावी, पण अनुकरण करू नये. १३० मिलिमीटरची लांब मान आणि वीतभर वाटावे इतके अरुंद हँडल ही १९९०च्या दशकातली फॅशन होती. ती जपण्यात अर्थ नाही. मान आखूड, हँडल थोडे रुंद केले की तीच सायकल उतारावर सावरून धरता येते.

यावर एक आक्षेप हमखास येईल. हा श्रीमंतांचा खेळ. कारकुनाच्या पगारात टायटॅनियमची सायकल कुठून येणार, आणि वृत्तपत्राने तिची चिंता का वाहावी? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. जो ग्राहक सर्वांत महाग माल घेतो, ज्याच्या वस्तूचा मुख्य भाग अक्षरशः न गंजणारा आहे, त्यालाही जर सुटा भाग मिळत नसेल, तर हप्त्याने घेतलेल्या धुलाईयंत्राच्या वा शाळेतल्या संगणकाच्या मालकाने काय अपेक्षा करावी? उंची सायकलीच्या उदाहरणाचा उपयोग एवढाच की, तिथे ‘स्वस्तात घेतले म्हणून टिकले नाही’ हा बचाव कारखानदाराला उरत नाही.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता सरकारदरबारी पोचली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या हे तिचे विषय. युरोपीय संघाने २०२४मध्ये दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला. त्यात धुलाईयंत्रे, फोन आणि बॅटरीवर चालणारी हलकी वाहने आहेत. पायांनी चालवायची सायकल या दोन्ही ठिकाणी नाही. बहुधा ती इतकी साधी समजली गेली की तिला संरक्षणाची गरज कोणालाच वाटली नाही. खरे तर तिच्या बाबतीत मागणी फार सोपी आहे. नवे माप काढणाऱ्याने जुन्या मापाचे झिजणारे भाग, म्हणजे रिमा, हबचे आतले भाग, फोर्कचे रबर आणि सील, किती वर्षे पुरवणार ते विक्रीच्या वेळीच लेखी सांगावे. आणि पुरवठा थांबवायचा झाला तर त्या भागाची मापे खुली करावीत, म्हणजे एखादा छोटा कारखानदार ते बनवू शकेल.

हे अशक्य नाही. मागचे गिअर ज्या छोट्या पट्टीला टांगतात ती पट्टी पूर्वी प्रत्येक सांगाड्याची वेगळी असे. प्रवासात ती वाकली की स्वार अडकून पडे. २०१९मध्ये स्राम कंपनीने सर्वांना वापरता येईल अशी एकच पट्टी आखली आणि अनेक प्रतिस्पर्ध्यांनी ती स्वीकारली. पण २०२३मध्ये त्याच कंपनीने आणलेली उंची गिअरव्यवस्था फक्त त्या पट्टीसाठी आखलेल्या सांगाड्यांवरच बसते. एका हाताने एकवाक्यता आणायची आणि दुसऱ्या हाताने त्याआधीचे सारे सांगाडे दाराबाहेर ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

दरम्यान, २६ इंची चाकाला खरा आधार कोणी दिला असेल तर तो महागड्या मालाच्या कारखानदारांनी नव्हे. आपल्याकडे जिला सर्रास ‘रेंजर’ म्हणतात ती जाड टायरांची स्वस्त सायकल याच ५५९ मिलिमीटरच्या मापावर चालत आली आहे. शाळकरी मुले ती वापरतात, आणि म्हणून तिचे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळतात. ते वजनाने जड असतात, रबरही बेताचे असते. पण कोलोराडोत घडवलेल्या टायटॅनियमच्या सांगाड्याच्या चाकांवर ते कोणत्याही जोडपट्टीशिवाय बसतात.